बाटल्यांच्या खात्यातली फळी

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते वाण्याच्या यादीपुरतं. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच, तर त्याने चुका पोटात घालाव्यात.

मॅनेजरसाहेबांनी टेबलावरचा टाइप केलेला जाड गठ्ठा उघडला आणि एक पान माझ्याकडे फिरवलं.

"हे काय आहे, बाई?"

पान इंग्रजी होतं, पण मध्ये एक चित्र होतं. लांब फळी. तिच्यावर पावलांच्या बारा जोड्या. टोकाच्या एका पावलाची टाच वर उचललेली.

मी लगेच ओळखलं. ते चित्र माझ्याच तोंडातून निघालेलं होतं.

"फळी आहे," मी म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. कोणाच्या खात्यातली?"

मी पदर पुढे ओढला. मला लाज वाटली की हात आपोआप पदराकडे जातो. साहेबांनी पानं उलटली आणि अगदी पहिल्या पानाकडे आले. तिथे ओळीने नावं होती. त्यातल्या एका नावाखाली त्यांनी बोट ठेवलं.

"हे तुमचं नाव. बाटली खात्यातल्या गोदाबाई यांचे आभार, असं लिहिलंय. म्हणजे फळी आपलीच. आणि आत लिहिलंय की हिच्यावर एक ठार बहिरी बाई उभी राहते. तिचं नाव मात्र दिलेलं नाही. ते तुम्ही सांगा."

आता हे असं कसं झालं ते पहिल्यापासून लिहिते.

आमचा कारखाना चिंचवड स्टेशनच्या बाजूला. तिथे खोकल्याचं औषध बनतं. औषध मुंबईच्या माणसांना माहीत, आम्हाला बाटल्या माहीत. जुन्या बाटल्या पोत्यांतून येतात. त्या सोड्याच्या गरम हौदात टाकायच्या, ब्रशने आतून घासायच्या, ट्रेमध्ये उलट्या लावायच्या. मग ट्रेखालच्या नळ्यांतून स्टीम सोडतात. स्टीम म्हणजे बॉयलरची वाफ. चहाच्या किटलीची वाफ लागली तर बोट चोळून भागतं, हिच्याने कातडी सुटून येते. म्हणून स्टीमचा कॉक उघडण्याआधी फिटर घंटा वाजवतो. घंटा झाली की हात मागे, पाय मागे.

पण बाटल्यांचा आवाज एवढा, की घंटा आम्हा कोणालाच धड ऐकू येत नसे. एकमेकींकडे बघून आम्ही मागे सरायचो.

जमीन कायम ओली, सोड्याने बुळबुळीत. म्हणून हौदाच्या कडेने एक लांब सागवानी फळी टाकलेली होती. खाली विटा, वर फळी. आम्ही बारा जणी अनवाणी तिच्यावर ओळीने उभ्या राहायचो. फिटरच्या बाजूच्या टोकाला पारूबाई. भोसरी गावची, वयाने सगळ्यांत मोठी, अंगाने भक्कम. तिला घंटेचा दोर हलताना दिसे.

सहाव्या जागेवर मी आणि सातव्या जागेवर सोनी. सोनी माझी नणंद. जन्मापासून बहिरी, त्यामुळे मुकी. चौदाव्या वर्षी लग्न करून दिलं. वर्षभरात सासरच्यांनी परत आणून सोडलं. तिचा थोरला भाऊ चाकणकडच्या गावी असतो. त्याच्या घरी ती नऊ वर्षं गुरांमागे आणि चुलीमागे राबली. तिला जेवताना मी कधी पंगतीत पाहिलं नाही. घरचे, म्हणजे माझे मालक, रेल्वेत लागले आणि आम्ही इकडे खोली केली, तेव्हा मी तिला मागून घेतली. पारूबाईने मुकादमाला सांगितलं, "पोरगी बोलती कमी, पर हात बगा तिचं." मुकादमाने हात बघितले. आठ दिवसांत त्याला बाकीचंही कळलं. पण दिवसाला सगळ्यांत जास्त बाटल्या सोनीच्या होत्या, त्यामुळे त्याने ऑफिसात काही कळवलं नाही.

सोनी आल्यावर पारूबाईने टाच आपटायला सुरुवात केली. दोनदा आपटली की स्टीम. एकदा म्हणजे मुकादम येतोय. तीनदा म्हणजे जेवणाची सुट्टी. फळी हलली की सोनीच्या तळपायाला समजायचं. ती आमच्याही आधी मागे सरायची. मग हळूहळू आम्ही सगळ्याच तळपायाने ऐकू लागलो. घंटेकडे कोणी लक्ष देईना. सोनीमुळे बाकीच्या अकरा जणींची सोय झाली होती. तीन वर्षांत त्या फळीवर एकीलाही वाफ लागली नाही.

पगार झाला की सोनी खाणावळीचे पैसे माझ्या हातावर ठेवायची आणि उरलेले ट्रंकेत. ट्रंकेला तिने स्वतःच्या पैशाने कुलूप घेतलं होतं. किल्ली गळ्यात. या नोकरीवर तिचं काय अवलंबून होतं ते कळायला ती किल्ली पुरे आहे.

तिने प्रत्येकाला खुणेचं नाव दिलं होतं. पारूबाई म्हणजे टाच आपटणं. मॅनेजर म्हणजे डोळ्यांभोवती दोन बोटांची वर्तुळं. माझं नाव म्हणजे कपाळावरून पदर ओढल्याची खूण. मला ते नाव आवडायचं. माझ्यासारखीला ते शोभत होतं.

नलिनीबाई आल्या त्या सायकलवरून. स्टेशनला उतरत, सायकल गाडीतून उतरवून घेत आणि गावोगाव फिरत. पुण्याच्या एका कॉलेजात त्या बहिरेपणावर संशोधन करत होत्या. संशोधन म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. बहिरी माणसं कशी जगतात, त्यांना कामं कोण देतं, लग्नं होतात का, घरात त्यांच्याशी कोण बोलतं, हे विचारायचं आणि फॉर्मवर लिहायचं. मग ते सगळं जुळवून मोठा प्रबंध लिहायचा. आमच्या चाळीत सोनी आहे हे त्यांना कोणीतरी सांगितलं. त्या आल्या, सोनीच्या आणि माझ्या खुणा पाहत बसल्या, आणि म्हणाल्या, "गोदाबाई, मला तुमच्यासारखी मदतनीस हवी. सुट्टीच्या दिवशी याल का? बारा आणे रोज आणि भाडं."

"मला बोलता येत नाही लोकांशी," मी म्हणाले.

"लोकांशी मी बोलेन. तुम्ही फक्त बहिऱ्यांशी बोला."

ते मला पटलं.

त्यांच्या पिशवीत एक दोन पायांचा लोखंडी काटा असे. गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा. ऐकू येणाऱ्याला भुंग्यासारखा आवाज येतो. मग तोच काटा कानामागच्या हाडावर टेकवायचा. त्यांनी मला समजावलं की बहिरेपणा दोन तऱ्हेचा. एकात आवाजाची वाट बुजलेली असते, पण आत माणूस जागा असतो. दुसऱ्यात वाट मोकळी, पण आतली नसच मेलेली. सोनीच्या हाडावर काटा टेकवल्यावर ती हसली. गुदगुल्या होतात, अशी खूण केली. नलिनीबाईंनी लिहून घेतलं. "नसेचं आहे," त्या हळू म्हणाल्या.

भोसरीत एका घरी बहिरी सून होती. नलिनीबाई तिच्यासमोर बसल्या तर सासू मध्ये आली.

"तिला काय इचारता? तिला काय कळतंय? आमास्नी इचारा, आमी सांगतो की."

"त्यांनाच विचारायचं आहे, मावशी."

"तिचं समदं आमालाच ठावं हाय. बसा तुमी."

आणि सासूने सगळं सांगितलं. सून दाराआड उभी राहून आमच्या तोंडांकडे बघत होती. असं घरोघर झालं. बहिऱ्याबद्दल त्याच्यासमोर दुसराच बोलतो, आणि तो ऐकत नाही म्हणून कोणाला काही वाटत नाही. परत येताना मला त्या सासूचा राग आला होता. हे मुद्दाम लिहून ठेवते.

पुढच्या सुट्टीला नलिनीबाई आमच्या खोलीत जेवायला होत्या. मी भाकरी थापत होते. सोनी समोर भांडी घासत होती. त्यांनी फॉर्म काढला. "कामावर धोक्याची सूचना बहिऱ्या माणसाला कशी मिळते, या प्रश्नाला आजवर एकही उत्तर मिळालेलं नाही," त्या म्हणाल्या. "बहुतेक ठिकाणी मिळतच नाही."

मी म्हणाले, "आमच्याकडे मिळते."

त्यांनी पेन उघडलं.

मी आयुष्यात एवढं कधी बोलले नव्हते. फळी सांगितली, विटा सांगितल्या, टाच कितीदा ते सांगितलं. थापत असलेली भाकरी तशीच राहिली. त्या भराभर लिहीत होत्या. मध्येच म्हणत, "थांबा, थांबा, हे पुन्हा सांगा." माझं बोलणं कोणीतरी लिहून घेतंय, तेही शाईने, याने मला धुंदी आल्यासारखं झालं.

सोनीने हनुवटी उडवून विचारलं, काय चाललंय?

मी खूण केली, तुझंच. चांगलं चाललंय.

तिने पुन्हा हनुवटी उडवली. काय चांगलं?

मी हात हलवला. नंतर सांगते.

नंतर सांगितलं नाही. विचारून सांगायला हवं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, तिचं सगळं मला ठाऊक आहे.

नलिनीबाईंनी फळी डोळ्यांनी बघायची म्हणून साहेबांची परवानगी काढली. कारखान्यातला आवाज पाहायचा आहे, एवढंच त्यांना सांगितलं. सोनीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. तेवढी काळजी त्यांनी घेतली. प्रबंधातही सोनीचं नाव नाही, कारखान्याचं नाही. पण ज्याने परवानगी दिली त्याला एक प्रत पाठवायची, अशी त्यांच्यात रीत आहे. आणि ज्यांनी मदत केली त्यांचे पहिल्या पानावर नावानिशी आभार मानायचे, अशीही रीत आहे. दोन्ही रीती त्यांनी पाळल्या.

आणि मी साहेबांपुढे उभी होते.

"नाव सांगा, बाई."

मी सांगितलं नाही. साहेबांनी शिपायाकडून आमच्या खात्याचं हजेरीबुक मागवलं. मुकादमाला बोलावलं. दोन मिनिटांत नाव निघालं. मुकादम माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

"इन्स्पेक्टर येतो माझ्याकडे," साहेब म्हणाले. ते ओरडले नाहीत. "उद्या ती भाजली तर तुरुंगात मी जाईन, फळी जाणार नाही."

तीन वर्षांत भाजली नाही साहेब, कोणीच भाजलं नाही, हे माझ्या घशापर्यंत आलं होतं. चुलीपुढे मी तासभर बोलले होते. इथे तीन शब्द निघाले नाहीत.

"तिचा हिशेब शनिवारी देऊन टाका," ते कारकुनाला म्हणाले. मग माझा चेहरा बघून असेल, पुढे बोलले, "हल्ली ऐकायचं मशीन मिळतं. ते लावून तिला ऐकू येतंय असं मला दिसलं, तर घेईन परत. माझं तिच्याशी काही वाकडं नाही."

घरी येऊन मी सोनीला सांगितलं. खुणांनी अशी गोष्ट सांगायला फार वेळ लागतो आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघावंच लागतं. बोलताना मान खाली घालता येते, खुणा करताना येत नाही. नोकरी गेली. का? साहेबांना कळलं. कसं? कागदावरून. कागदावर कोणी लिहिलं? मी सायकलच्या हँडलची खूण केली. नलिनीबाई.

तिला कोणी सांगितलं?

ती बघत राहिली. मग तिने भाकरी थापल्याची खूण केली, आणि तो दिवस तिला आठवला असल्याचं मला कळलं. तिने उजव्या हाताची बोटं तोंडापाशी धरून चोचीसारखी उघडमीट केली, आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

त्या दिवसापासून ते माझं नाव झालं. पदराची खूण तिने पुन्हा केली नाही. ज्या बाईला आयुष्यात कोणी बोलकी म्हटलं नाही, तिचं नाव झालं तोंड.

पारूबाईने फळीवर सगळ्यांदेखत विचारलं. "कशापायी सांगितलंस गं गोदे?"

"त्यांनी विचारलं."

"इचारलं म्हून सांगायचं? उद्या त्यो पोलीसपाटील इचारंल, त्यालाबी सांग." मग बाटलीत ब्रश फिरवत म्हणाली, "ते मिशिन केवड्याला पडतंय?"

नलिनीबाई धावत आल्या. खोलीत बसल्या आणि रडल्या. "मी कौतुक लिहिलं होतं, गोदाबाई. माझ्या सगळ्या कामात हीच एक जागा अशी होती, जिथे काहीतरी चांगलं चाललं होतं. म्हणून चित्र काढलं." त्यांनी साहेबांना पत्र लिहिलं. साहेबांचं उत्तर आलं, सभ्य आणि दोन ओळींचं. मशीनबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, "नसेच्या बहिरेपणात उपयोग होईल असं मला वाटत नाही. पण नाहीच होणार असंही मी डॉक्टर नसताना कसं सांगू?"

पाण्यात बुडणाऱ्याला एवढी काडी पुष्कळ झाली.

नवं मशीन आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पुण्यातले एक पेन्शनर गृहस्थ वारले होते. त्यांचं मशीन त्यांच्या मुलाने विकायला काढलं होतं. एकशेऐंशी रुपये. माझा पगार तेव्हा पंचेचाळीस. फळीवरच्या आम्हा बारा जणींची भिशी होती. दर महिन्याला प्रत्येकीने पाच काढायचे आणि साठ रुपये एकीने उचलायचे. पारूबाईकडे पैसे असत. तीन महिन्यांच्या तीन भिश्या तिने मला एकदम दिल्या. दोन महिन्यांच्या जमलेल्या होत्या, तिसरीचे पैसे तिने स्वतःच्या डबीतून घातले. ज्या तिघींची पाळी होती त्यांना विचारलंही. एकीला घरावर पत्रे घालायचे होते. ती म्हणाली, "घेऊ दे. मी गळक्यात काढीन एक पावसाळा."

साबणाच्या वडीएवढी पेटी. तिच्यात बॅटरी. पेटी पोलक्याच्या आत गळ्यात अडकवायची आणि वायरचं बटण कानात घालायचं. सोनीने पहिल्या दिवशी ते घातलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मी पातेलं आपटलं तर दचकली. मला आनंद झाला. मी खूण केली, हळूहळू कळेल.

आमची खोली माडीवर आहे. महिनाभर मी रोज कामावरून आल्यावर तिला भिंतीकडे तोंड करून उभी करायची. मागे जायची आणि हाक मारायची, "सोने!" पहिल्यांदा वळली नाही. मग वळू लागली. दहा हाकांना चारदा. मग सातदा. महिन्याच्या शेवटी दहाला दहा. घरच्यांनी स्वतः हाक मारून पाहिली. वळली. त्यांनी पेढे आणले. सोनी स्वतःही हसत होती. तिला वाटलं हेच ऐकणं असेल. ऐकणं कसं असतं हे तिला कुठून माहीत असणार?

घरच्यांनी साहेबांना निरोप दिला. आम्ही दोघी ऑफिसात गेलो. तिने धुवट लुगडं नेसलं होतं आणि मशीनची पेटी दिसावी म्हणून मुद्दाम पोलक्यावर घेतली होती. साहेबांनी तिला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. मला दाराशी थांबायला सांगितलं.

"हिचं नाव सोनी ना? ...सोनी!"

ती वळली नाही.

"सोनी!" मोठ्याने.

खिडकीबाहेर बॉयलरचा धूर चालला होता. ती तो बघत होती.

त्या क्षणी मला कळलं. मी खाली पाहिलं. ऑफिसात शहाबादी फरशी होती. आमच्या माडीची जमीन लाकडी फळ्यांची आहे. हाक मारायला मी रोज दोन पावलं पुढे टाकत होते. ती महिनाभर माझ्या हाकेला वळत नव्हती, माझ्या पावलांना वळत होती. तळपायाने. जसं फळीवर. पुण्याच्या बाईंना ते एवढं फोड करून सांगणारी मी, माझ्या लक्षात आलं नाही.

साहेब तिसऱ्यांदा हाक मारायला तोंड उघडत होते. मी टाच उचलली आणि फरशीवर आपटली. जोरात, दोनदा.

दगड होता. काही हललं नाही. माझीच टाच झिणझिणली.

सोनी धूर बघत राहिली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं, बाई?"

"मुंगी," मी म्हणाले.

साहेबांना ते कळलं असावं असं मला वाटतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "घेऊन जा त्यांना," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी सोनीला 'त्यांना' म्हटलं.

त्याच महिन्यात फळी काढली. इन्स्पेक्टरच्या दृष्टीने ती धोक्याची होती. हौदाच्या कडेने सिमेंटचा ओटा बांधला, चांगला, निसरडा न होणारा. आणि दुप्पट मोठी घंटा आणली. सिमेंटवर पारूबाईने पहिल्या दिवशी सवयीने टाच आपटली. कोणाला काही कळलं नाही. ती हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून आपटेनाशी झाली.

दिवाळीच्या आधी कामाची घाई होती. बाटल्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त. घंटा वाजली असं फिटर शपथेवर सांगतो. वाजली असेल. पारूबाई त्या वेळी वाकून ट्रे सरकवत होती, तिला दोर दिसला नाही. वाफ डाव्या पावलावर आली. ज्या पावलाने ती टाच आपटायची तेच.

मी तिला बघायला भोसरीला गेले तेव्हा पाय केळीच्या पानावर ठेवून पडली होती.

"पारूबाई, माझ्यामुळे झालं हे."

"गप गं. तुज्यामुळं कशानं? वाफंमुळं झालं." आणि मग, "सोनी काय करती?"

सोनी चाकणला गेली होती. थोरल्या भावाने नेली नाही, तीच गेली. घरचे नको म्हणत होते, मीही आडवी आले. पण माझ्या हातचं बसून खायला ती तयार नव्हती. आता ती वखारीत कांदे निवडते. सडका वेगळा, मोड आलेला वेगळा, चांगला वेगळा. खाली माती. मातीतून काहीच कळत नाही. पोत्यांची बैलगाडी मागे घेत होते तेव्हा एकदा तिच्या खांद्याला गाडीची कड लागली. तेव्हापासून ती पाठ भिंतीला लावून बसते. भावाकडेच राहते. दोन महिन्यांतून एकदा मी जाते. ट्रंक तिथे आहे, कुलूप नाही. तिथल्या थोरल्या वहिनीने काढायला लावलं, घरात कशाला कुलूप म्हणून.

मशीन विकायचा प्रयत्न केला. कोणी घेतलं नाही. ते डब्यात आहे.

नलिनीबाईंना पदवी मिळाली. त्यांनी मला पत्र लिहून कळवलं, आणि पुढच्या छापील प्रतीत फळीचं पान आणि माझं नाव काढलं असल्याचंही कळवलं. बाई मनाने चांगल्याच. अशी चौकशी व्हायला नको होती, असं मी म्हणणार नाही. त्यांनी विचारलं नसतं तर भोसरीची ती सून आहे हेसुद्धा कोणी कुठे लिहिलं नसतं. पण विचारणाऱ्याचा हेतू चांगला असला म्हणजे उत्तरही चांगल्याच ठिकाणी जातं, असं नाही. कागदाला पाय असतात. आणि ज्याची गोष्ट आहे तो समोर बसलेला असताना त्याला न विचारता सांगू नये, तो ऐकत नसला तरी. मी एवढंच शिकले. त्याला चौथीपेक्षा जास्त शाळा लागत नव्हती.

पैशाचं राहिलं. महिन्याला सहा रुपये असे अडीच वर्षं मी फेडले. ज्या तिघींच्या भिश्या थांबल्या होत्या त्यांना आधी. पत्र्यांवाली दोन पावसाळे गळक्यात राहिली, एक नाही. शेवटचे सहा रुपये पारूबाईच्या हातात द्यायचे होते. ती आता कामावर नाही, लंगडते.

मागच्या आठवड्यात सोनी इकडे आली होती, शेवटच्या हप्त्याचं तिला मीच खुणेने सांगून ठेवलं होतं. तिने कमरेच्या पिशवीतून सहा रुपये काढले. कांद्याचा वास येत होता नोटांना. मी माझे पुढे केले तर तिने माझा हात मागे सारला. आम्ही दोघी भोसरीला गेलो. पारूबाईच्या ओसरीवर जुनी फळी टाकली आहे, आमचीच. कारखान्याने भंगारात काढली तेव्हा तिच्या मुलाने आणली होती. तिच्यावर ती बसते.

सोनी त्या फळीवर पाय ठेवून उभी राहिली. पारूबाईने तिच्याकडे पाहिलं, आणि तो भाजलेला पाय उचलून टाच तीनदा आपटली. सुट्टी झाली.

सोनी रडली. आवाज काढून रडली. तो आवाज कसा येतो ते तिला माहीत नाही, आम्हाला माहीत आहे.

मग तिने पैसे पारूबाईच्या मुठीत दिले. पारूबाईने खुणेने विचारलं, कोणाचे? सोनीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग माझ्याकडे बोट करून तोंडापाशी बोटांची उघडमीट केली, आणि हात आडवा हलवला. हिचे नाहीत.

पारूबाईने ते कनवटीला लावले. "फिटलं बग गोदे," ती म्हणाली. "एकशेऐंशीच्या एकशेऐंशी."